दहा नंबरचं भिंग

"आता?" आतून आवाज आला.

"न्हाई."

"आणि आता?"

"न्हाईच दिसत, डागदर. नुसतं धुकं हाय."

मी दाराबाहेर उभी होते. आत जायला मला मनाई होती. ज्या डॉक्टरचे रुग्ण तपासायचे त्या डॉक्टरने तपासणीच्या वेळी खोलीत थांबायचं नाही, असा नियम मंडळाने त्याच सकाळी केला होता. कार्यवाह मगदूमने तो मला चहाच्या टेबलापाशी, हातातलं बिस्किट चहात बुडवता बुडवता सांगितला.

खोली म्हणजे कोल्हापुरातल्या एका मंगल कार्यालयातली वधूपक्षाची खोली. दक्षिण विभाग नेत्रशल्य मंडळाचं वार्षिक अधिवेशन दर वर्षी याच कार्यालयात भरायचं. सभागृह प्रशस्त आहे, असं कारण दिलं जाई. खरं कारण तिथला आचारी होता. दारावर 'वधूपक्ष' अशी रंगवलेली पाटी होती, आतल्या भिंतीला हळदीची बोटं पुसलेली होती आणि समोरच नवरीसाठी लावलेला पुरुषभर उंचीचा आरसा होता. अशा त्या खोलीत मंडळाची समिती बसली होती. माणसाच्या डोळ्यात कृत्रिम भिंग बसवणं हे शास्त्र आहे की थेर, याचा निकाल ती लावणार होती.

साल त्र्याऐंशी. मोतीबिंदू म्हणजे डोळ्यातलं गढूळ झालेलं भिंग. तेव्हा ते काढून टाकत आणि त्याच्या जागी काहीच ठेवत नसत. डोळ्याची भरपाई नाकावर व्हायची, दहा नंबरच्या जाड चष्म्याने. मी मद्रासला राहून त्या रिकाम्या जागी छोटं पारदर्शक प्लॅस्टिकचं भिंग बसवायचं शिकले होते आणि गडहिंग्लजच्या एका धर्मादाय रुग्णालयात ते करू लागले होते. रुग्णांची तक्रार नव्हती. तक्रार मंडळाकडे गेली ती मंडळाच्याच सदस्यांची. आमचे विश्वस्त सज्जन आणि भित्रे होते. त्यांनी मला बोलावून सांगितलं, "बाई, मंडळ हो म्हणालं तर खुशाल करा. नाही म्हणालं तर आपला जाड चष्मा बरा." म्हणजे त्या दुपारच्या सर्वसाधारण सभेत माझं काम एक तर चालू राहणार होतं, नाही तर बंद पडणार होतं. आनसाबाईचा दुसरा डोळाही त्याच सभेवर अवलंबून होता.

दार उघडून ती बाहेर आली. आनसाबाई कासार. गावोगावच्या बाजारात बसून आणि लग्नघरी जाऊन बायकांना बांगड्या भरणारी. साठीच्या पुढची, काटक, कोपरापर्यंत हिरवा चुडा भरलेली. तिच्या उजव्या डोळ्यात मी भिंग बसवलं होतं. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू तसाच होता.

"काय झालं?" मी विचारलं.

"काय न्हाई झालं. समद्याला न्हाई म्हणून आले."

"खरंच दिसलं नाही?"

"खोटं कशाला बोलू? भिताडावर कायतरी काळं काळं हुतं. मुंग्या म्हन नाय तर म्हशी म्हन."

तिच्या आधी आत गेलेले दोघेही हेच सांगत बाहेर आले होते. एकाचं भिंग सरकू शकतं. एकाच्या डोळ्याला सूज येऊ शकते. तिघांच्या डोळ्यांत एकाच सकाळी काय झालं असेल? मी तिला व्हरांड्याच्या टोकाला नेलं, लोखंडी खुर्चीवर बसवलं आणि बॅटरीच्या उजेडात डोळा पाहिला. बुबुळ स्वच्छ होतं, भिंग जागच्या जागी होतं, लाली नव्हती की पाणी नव्हतं.

"आनसाबाई, तिकडे बघा. स्वयंपाकघराकडे. काय दिसतं?"

तिने मान वळवली. "त्यो आचारी तंबाखू मळतोय."

"आणखी?"

"बार भरला त्यानं. आता त्याच हातानं पुरीची कणीक मळाया लागलाय. बाई, तू हितं जेवू नगंस."

अंतर चांगलं लांबचं होतं, मधे पूर्ण अंगण होतं. मी पुन्हा डोळा पाहिला. पुन्हा काहीच सापडलं नाही.

"मग आत का दिसलं नाही?"

"मला काय ठावं? त्या खोलीतच कायतरी हाय. आत गेलं की जातंय, भाईर आलं की येतंय. नवरीची खोली न्हवं ती, कुनाची तरी नजर लागली असंल."

"आत तुम्ही त्यांना काही सांगितलं नाहीत?"

"सांगत हुते की. त्यो म्हातारा डागदर म्हणला, इचारलं तेवढंच बोल, गप बस. मग बसले गप."

तो म्हातारा डॉक्टर म्हणजे तात्यासाहेब गुळवणी. मंडळाचे अध्यक्ष. मी विद्यार्थिनी असल्यापासून तेच अध्यक्ष होते. निवडणूक होत नसे. आग्रह होत असे, आणि ते त्याला मान देत. गावोगावी शिबिरं घेऊन, शाळांच्या बाकांवर माणसं निजवून त्यांनी अमाप मोतीबिंदू काढले होते. त्यांचा हात जलद होता, हे मला मान्य आहे. मी त्यांच्या हाताखाली शिकले आहे आणि तसा हात पुन्हा पाहिलेला नाही. फक्त त्या हाताला थांबायची सवय नव्हती, आणि त्याला कोणी थांबवावं अशी मंडळात पद्धत नव्हती.

सकाळी भेटल्या भेटल्या ते चारचौघांत म्हणाले होते, "काय खांबेटेबाई, प्लॅस्टिकचं दुकान कसं चाललंय?" भोवतालचे सगळे हसले. मंडळात त्यांच्या विनोदाला हसण्यासाठी विनोद कळावा लागत नसे.

"चाललंय, सर."

"बादल्या पण ठेवता की नुसतीच भिंगं?"

पुन्हा हसले.

मी आनसाबाईला तिथेच बसवून परत दारापाशी आले. आत आता शेवटचा रुग्ण होता, सेवानिवृत्त पोस्टमन, शिंत्रे नावाचे. त्यांनी आदल्या दिवशी मला एसटीच्या पाट्या लांबून वाचून दाखवल्या होत्या, मी न विचारता, एकामागून एक, अगदी कंटाळा येईपर्यंत. आतून त्यांचाही आवाज आला, "नाही साहेब, पुसट आहे."

तेवढ्यात चहाचा ट्रे आत गेला आणि ट्रे नेणारा दार लावायला विसरला.

मी आत पाऊल टाकलं नाही. नियम मी मोडला नाही, हे आजही सांगू शकते. पण समोर नवरीचा आरसा होता आणि आरशात सगळी खोली होती. शिंत्रे ताठ बसले होते. नाकावर तपासणीची गोल लोखंडी चौकट होती, एका डोळ्यापुढे काळी चकती. त्यांच्या बाजूला भिंगांची पेटी उघडी होती, मखमलीच्या खाचांमधून ओळीने लावलेली भिंगं. तात्यासाहेब शिंत्र्यांकडे पाहत नव्हते. पेटीकडेही पाहत नव्हते. ते समितीच्या इतर सदस्यांना कोणाच्या तरी मुंजीतल्या बासुंदीबद्दल सांगत होते. आणि बोलता बोलता त्यांचा उजवा हात पेटीकडे गेला, न चाचपडता शेवटच्या खाचेवर उतरला, तिथलं सगळ्यात जाड भिंग उचललं, शर्टाला पुसलं आणि शिंत्र्यांच्या चौकटीत ठेवलं.

दहा नंबरचं भिंग.

मला ते कळायला क्षणभर वेळ लागला, कारण इतकं सोपं काही असेल असं वाटलंच नव्हतं. मोतीबिंदू काढलेला डोळा म्हणजे दहा नंबर. शिबिरात रांग मोठी असते, वेळ नसतो, म्हणून हे लोक चष्म्याशिवाय दिसतं का असं विचारतच नसत; दिसणार नाही हे ठरलेलंच असे. आधी दहा नंबर लावायचा, मग पुढचं थोडं कमीजास्त. उभी हयात तात्यासाहेब हेच करत आले होते. आज त्यांच्यापुढे जे डोळे आले त्यांत भिंग आधीच होतं. त्यावर आणखी एक लावलं की दिसत होतं तेही जाणार. चांगल्या डोळ्यांच्या माणसाच्या नाकावर आजोबांचा चष्मा ठेवून 'दिसतं का रे?' विचारावं, तसं. म्हणजे डोळ्यातलं भिंग काम करतं की नाही हे ठरवायला समिती बसली होती, आणि डोळ्यात भिंग नाहीच असं धरून ती तपासत होती.

आणि खोलीतल्या एकाही डॉक्टरचं त्या हाताकडे लक्ष नव्हतं.

मगदूम कागद घेऊन बाहेर आला. आम्ही एका वर्गातले. परीक्षेच्या आदल्या दिवशी माझ्याकडून प्रकाशशास्त्र समजून घेणारा मगदूम.

"वाईट वाटतं गं, खांबेटे," तो म्हणाला. "चारही जण फेल."

"मगदूम, ते चौकटीत कोणतं भिंग लावत होते, पाहिलंस?"

"सर लावतात ते."

"म्हणजे कोणतं?"

"अगं, सर लावताना आपण काय बघायचं?" त्याला माझ्या प्रश्नाचं खरोखर नवल वाटलं होतं. "आणि हे बघ, तपासणीबद्दल तू समितीशी बोलायचं नाहीस. हरकत असेल तर लेखी दे. पुढच्या अधिवेशनात विचारार्थ घेऊ."

"पुढच्या वर्षी?"

"अधिवेशन वर्षातनं एकदाच असतं."

"नुसतं एक वाक्य ऐक माझं."

"ऐकलं असतं गं, पण मग मला ते माहीत आहे असं होईल." तो घाईने निघाला आणि वळून म्हणाला, "जेवून जा हं. आज श्रीखंड आहे."

मी तात्यासाहेबांना गाठलं. ते हात पुसत बाहेर येत होते.

"सर, एक विनंती. माझ्या रुग्णांना एकदा मोकळ्या डोळ्याने..."

"बाई," त्यांनी तळहात वर केला. "रडायचं नाही. मी तुम्हाला वाईट म्हणत नाही. हौस असते तरुणपणी. मला पण होती. पण देवाने डोळ्यात जेवढी जागा दिली तेवढीच दिली, तिथे आपण बरणीचं झाकण बसवायचं नसतं."

"सर, फक्त भिंग न लावता..."

"चूक झाली की निस्तरणारा कोणीतरी वडीलधारा लागतो. त्यासाठी मंडळ आहे." मग त्यांना काहीतरी सुचलं. चेहरा उजळला. "ती तुमची कासारीण, कुठे आहे ती? आज चष्मा तिलाच देऊ."

इथे त्या चष्म्याबद्दल सांगायला हवं. मंडळाची एक जुनी प्रथा होती. सर्वसाधारण सभेत, ठराव मांडण्यापूर्वी, अध्यक्ष एका गरीब रुग्णाला व्यासपीठावर बोलावून त्याच्या डोळ्यांवर स्वतःच्या हाताने दहा नंबरचा चष्मा चढवत. मग विचारत, "दिसतंय का?" रुग्ण हात जोडून म्हणे, "दिसतंय, देवा." फोटोग्राफर फोटो काढे, सभागृह टाळ्या वाजवे, आणि पुढच्या वर्षीच्या अहवालाच्या मुखपृष्ठावर तो फोटो येई. दर वर्षी रुग्ण वेगळा असे. वाक्य तेच.

"काय फोटो होईल!" तात्यासाहेब मगदूमला हाक मारत म्हणाले. "प्लॅस्टिकने घालवलेली नजर चष्म्याने परत. ऐकतोस ना रे? चष्म्यासाठी सकाळी ठरवलेल्या त्या माणसाला सांग, तुझा नंबर पुढच्या वर्षी." आणि मला म्हणाले, "तुमची हरकत नाही ना, बाई?"

माझ्या जिभेवर सगळं वाक्य तयार होतं. दोनदा मी ते सुरू केलं होतं आणि दोनदा त्यांनीच ते तोडलं होतं. मी ते गिळलं.

"नाही, सर," मी म्हणाले. "अवश्य घाला."

व्हरांड्यात आनसाबाई माझ्या डब्यातली चपाती खात होती. मी तिला म्हटलं, "तुम्हाला मघाचे डॉक्टर सगळ्यांसमोर चष्मा घालणार आहेत."

"मला? कशाला? माझ्या जावेला घातलाय की त्यांनी, शिबिरात. तवापास्नं ती घरातच बसून हाय. चष्मा लावला की माणूस थेट म्हशीएवढं दिसतंय, म्हणती. आन् बाजूनं यील तर दिसतच न्हाई, एकदम नाकाम्होरं उगवतंय. तांब्यातलं पाणी फुलपात्राच्या भाईर वततिया. मला न्हाई घालायचा. मी असला चष्मा लावून बांगड्या भरल्या तर गिऱ्हाइकाचं मनगाट कापंल."

"एकदाच. घरी न्यायचा नाही. फक्त ते जे विचारतील, ते खरं सांगायचं."

"मगाशी खरं सांगाया लागले तर गप बस म्हणला."

"या वेळी गप्प बस म्हणाले तरी बसू नका."

तिने माझ्याकडे पाहिलं. एक डोळा दुधाळ, एक लखलखीत. "व्हय," ती म्हणाली, "मग ठीक हाय."

सभा सुरू झाली. आधी दिवंगत सदस्यांना श्रद्धांजली, मग हयात सदस्यांचे सत्कार. शाली पांघरल्या जात होत्या, नारळ एका हातातून दुसऱ्या हातात जात होते. एक नारळ मी तीन वेळा व्यासपीठावर येताना पाहिला. मग मगदूमने समितीचा अहवाल वाचला. भिंगरोपण केलेल्या चारही रुग्णांची दृष्टी नगण्य आढळल्याने ही शस्त्रक्रिया रुग्णहिताला बाधक असून मंडळाच्या सदस्यांनी ती करू नये, अशी समितीची एकमुखी शिफारस आहे. एवढं वाचून त्याने कपाळ पुसलं. ठराव चष्म्यानंतर मताला टाकायचा होता.

आनसाबाई व्यासपीठावर चढली. पायऱ्या तिने कठडा न धरता चढल्या. ते कोणी पाहिलं नाही. तात्यासाहेबांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला, तिला सभागृहाकडे वळवलं आणि ध्वनिक्षेपकात म्हणाले, "ही एक गरीब कष्टकरी भगिनी. नव्याच्या मोहाला बळी पडलेली." फोटोग्राफर पुढे सरसावला. त्यांनी दोन्ही हातांनी चष्मा तिच्या नाकावर चढवला.

"दिसतंय का?"

"न्हाई."

थोडा हशा झाला. बाईला वाक्य पाठ करून दिलेलं नाही, एवढंच लोकांना वाटलं. तात्यासाहेबांनी चष्मा जरा खाली घेतला, जरा वर केला.

"आता बघ. समोर बघ. दिसतंय का?"

"न्हाई, डागदर. हुतं ते पण गेलं." आणि तिने चष्मा काढला. "आता दिसतंय."

"गर्दीने गोंधळलीय," ते ध्वनिक्षेपकात म्हणाले, आणि तिच्याकडे वळून दबक्या आवाजात, पण तेही सगळ्यांना ऐकू गेलं, "घाल तो. आणि गप्प बस."

"गप न्हाई बसायची," आनसाबाई म्हणाली. "तुमी इचारलंय, मी सांगतिया. ह्यो घातला की जातंय," तिने चष्मा लावला, "आन् काढला की येतंय. सकाळी पण हेच केलंसा. काच लावायची आन् दिसतंय का इचारायचं. आवो, ती काच काढा की!"

सभागृह खदखदून हसलं. तात्यासाहेबही हसले, कारण हसणाऱ्यांच्या बाजूने असण्याची त्यांना सवय होती. "बरं, मग सांग बघू, चष्म्याशिवाय तुला काय काय दिसतं?"

ती डोळ्यांवर हात धरून बघू लागली, बाजारात गिऱ्हाईक हेरावं तशी. "त्या मागच्या दारात त्यो आचारी हुबा हाय, तंबाखूवाला. त्याच्या म्होरं एक टकलं डागदर मान टाकून निजलंय. त्याच्या मांडीवरचा कागद घसरलाय, पडंल आता." मागे खरोखरच कागद पडल्याचा आवाज आला. "आन् तुमच्या कानात केस हायती. पर ते काय, जवळनं कुनालाबी दिसतील."

हसू आलं, आणि मग ते विझत गेलं. आधी पहिल्या रांगेत, मग तिच्या मागच्या, मग त्याच्याही मागच्या. मी भिंतीकडेला बसले होते आणि ते विझणं मला दिसत होतं. सभागृहात सगळे डोळ्यांचेच डॉक्टर होते. भिंग, नंबर, अंतर हे गणित प्रत्येकाने कधी ना कधी पास केलेलं होतं. चष्म्याने जातं, चष्म्याशिवाय येतं. सकाळी काच लावली होती. हातांमधल्या अहवालाच्या प्रतींकडे माना खाली गेल्या. मगदूमने आपली प्रत हळूच उलटी करून टेबलावर ठेवली.

तात्यासाहेबांनी चष्मा स्वतःच्या हातात घेतला, उजेडात धरला, तिच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. त्यांना समजलं होतं. तेवढं शास्त्र त्यांना येत होतं.

मी थांबले. इतक्या वर्षांत हा माणूस पहिल्यांदा 'चुकलो' म्हणणार आहे, असं मला वाटलं. माझं वय तेव्हा कमी होतं.

ते ध्वनिक्षेपकाकडे वळले.

"मित्रहो," ते म्हणाले, "हेच मला तुम्हाला दाखवायचं होतं."

त्यांनी टेबलावरची अहवालाची प्रत उचलून सभागृहापुढे धरली.

"अहवाल मी मुद्दाम तसा लिहवून घेतला. म्हटलं बघू, सभागृहात किती जण विचारतात की बाबांनो, तपासलंत कसं? भिंगावर भिंग लावलंत का? एकाने विचारलं? एकाने?" त्यांचा आवाज चढला. "माना डोलावता नुसत्या! हे शास्त्र आहे का? उद्या मी सांगितलं की डोळे कानामागे असतात, तर तेही मान्य कराल!"

आणि सभागृहाने शरमेने माना खाली घातल्या. मी हे स्वतः पाहिलं. स्वतःच्या चुकीबद्दल त्यांनी सगळ्यांना झाडलं, आणि सगळ्यांनी ते ऐकून घेतलं. पहिल्या रांगेत कोणीतरी टाळी वाजवली. मग सगळ्यांनी वाजवली, बराच वेळ. निजलेले टकले डॉक्टर जागे झाले आणि तेही वाजवू लागले.

तिथल्या तिथे नवा ठराव तयार झाला. मंडळाच्या मार्गदर्शनाखाली आणि देखरेखीखाली भिंगरोपणाचा प्रसार करावा. त्यासाठी समिती नेमावी. समितीचे अध्यक्ष तात्यासाहेब गुळवणी, निमंत्रक मगदूम. माझं नाव आवश्यकतेनुसार बोलावण्याच्या व्यक्तींमध्ये होतं. मी उठून सांगू शकले असते. एका वाक्याचं काम होतं, आणि या वेळी ते तोडायची कोणाची छाती झाली नसती. मी ठराव शेवटच्या शब्दापर्यंत ऐकला, तो मंजूर झाल्याचं ऐकलं, आणि मग आनसाबाईची पिशवी उचलली.

एसटीत ती खिडकीशी बसली. कागल मागे पडल्यावर ती माझ्याकडे वळली.

"बाई, त्यो म्हातारा खोटं बोलला न्हवं?"

"हो."

"आन् समद्यांला ठावं हुतं?"

"हो."

"मग टाळ्या कशापायी पिटल्या?"

"जेवण वाढलं होतं," मी म्हणाले.

ती इतकी हसली की कंडक्टरने वळून पाहिलं. मग तिने विचारलं, "माझा दुसरा डोळा?"

"पुढच्या आठवड्यात करू."

"मग बोलू दे त्याला," आनसाबाई म्हणाली आणि खिडकीला डोकं टेकून झोपली.

दुसरा डोळा केला तेव्हा तात्यासाहेब देखरेखीसाठी जातीने आले. हातमोजे घालून माझ्या बाजूला उभे राहिले, फोटो काढून झाल्यावर बाहेर जाऊन विश्वस्तांबरोबर बसले. दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी काढायची वेळ आली तेव्हा मात्र ते आत आले. त्यांनी स्वतः पट्टी सोडली, मगदूमशी काहीतरी बोलत बोलत. शेजारच्या टेबलावर भिंगांची पेटी उघडी होती. त्यांचा उजवा हात तिकडे गेला. पेटीकडे न पाहता, न चाचपडता, शेवटच्या खाचेवर उतरला. जाड भिंगाच्या कडेवर बोटं टेकली.

"आता आनि काय घालताय?" आनसाबाई म्हणाली.

हात थांबला. तो हात थांबलेला मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. मगदूम छताकडे बघू लागला. थोड्या वेळाने बोटं सुटली आणि हात रिकामा परत आला.

"दिसतंय का?" त्यांनी विचारलं. या वेळी ते तिच्याकडे बघत होते.

"दिसतंय की," आनसाबाई म्हणाली. "देवा बिवा काय म्हणणार न्हाई हां मी."

त्यानंतर तो हात शेवटच्या खाचेकडे सहसा गेला नाही, असं ऐकलं. मंडळाने कार्यशाळा घेतल्या, शिष्यवृत्त्या दिल्या, ज्यांनी माझ्याविरुद्ध तक्रारअर्जावर सह्या केल्या होत्या त्यांनीच गावोगावी जाऊन भिंगरोपण शिकवलं, आणि बरं शिकवलं. जाड चष्मे पाहता पाहता दिसेनासे झाले. ते मंडळामुळे झालं, हे कोणी नाकारू शकणार नाही. मीही नाकारत नाही.

गेल्या वर्षी मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी संपादकांचा फोन आला. आवाज तरुण होता, विनयशील होता. "भिंगरोपणाच्या प्रसारात मंडळाचं योगदान, या विषयावर मॅडम, आपण लिहावं. तात्यासाहेबांच्या त्या ऐतिहासिक प्रात्यक्षिकाच्या आपण साक्षीदार आहात. पानभर तरी हवं."

मी पानभर लिहिलं नाही. पट्टी सोडली त्या सकाळी पेटीपाशी काय झालं, तेवढं लिहून पाठवलं: हात शेवटच्या खाचेपर्यंत गेला, एका बाईने विचारलं, हात रिकामा परत आला.

मजकूर तोकडा पडतो, असं त्यांनी नम्रपणे कळवलं. स्मरणिका घरी आली तेव्हा मी ते पान काढून पाहिलं. एका बाजूला तात्यासाहेबांचा फोटो होता, आनसाबाईच्या नाकावर चष्मा चढवतानाचा. दुसऱ्या बाजूला, माझ्या जागी, त्या आचाऱ्याच्या मुलाच्या केटरिंगची जाहिरात होती.